मिस्त्रींचा अर्धा पेला

माझ्या बोटांची कीर्ती यहागी नदीच्या दोन्ही काठांना होती. मीच सांगते, कारण आता दुसरं सांगणारं कुणी उरलेलं नाही. लोखंडाची पिन अंगठा आणि पहिल्या बोटात धरून एकदा फिरवली, की ती जाड उतरली की बारीक, हे मी मापाचं गेज लावायच्या आधी सांगायचे. केस उभा चिरून पाच भाग केले, तर त्यातल्या एका भागाचा फरक मला कळायचा. मालक पाहुण्यांना मुद्दाम माझ्या टेबलापाशी आणायचे. "ह्या आमच्या किनुएबाई. ह्यांच्या बोटांना डोळे आहेत." मी मान वर करायचे नाही. कौतुक ऐकताना मान खाली ठेवावी असं आईने शिकवलं होतं, आणि मान खाली असली तरी कान उघडेच असतात.

तर ह्याच बोटांपायी एका भल्या माणसाचं मशीन सुटायची वेळ आली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

इवासे मालकांचा कारखाना म्हणजे भाताच्या खाचरांच्या कडेला एक लांबट पत्र्याची शेड. तीन लेथ, चौदा माणसं. आम्ही मोटारीच्या दाराच्या बिजागरीतली पिन करायचो. बोटाएवढी पिन, बस्स, दुसरं काही नाही. नदीपलीकडच्या मोठ्या कंपनीत मोटारी जुळायच्या, तिथे आमच्या पेट्या जायच्या. तोक्योत ऑलिम्पिक व्हायच्या आदल्या वर्षी त्या पेट्या परत यायला लागल्या. वर लाल चिठ्ठी. पिन जाड, भोकात जात नाही. पिन बारीक, दार खडखडतं. आणि कहर म्हणजे दोन्ही तक्रारी एकाच पेटीवर!

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, रेडिओवरची कवायत संपल्यावर, मालकांनी आम्हाला तसंच रांगेत उभं ठेवलं.

"महिनाअखेरपर्यंत लाल चिठ्ठ्या थांबल्या पाहिजेत," ते म्हणाले. "नाही थांबल्या तर दोन नंबरच्या लेथवर माणूस बदलावा लागेल."

सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. दोन नंबरवर दिवसा तोकुझो मिस्त्री असायचे. त्रेसष्ट वर्षांचे. त्यातली चाळीस लेथसमोर गेलेली. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, पोरबाळ नाही, शेडच्या मागच्या खोलीतच राहायचे. त्या माणसाचं म्हणून जगात जे काही होतं, ते म्हणजे दोन नंबरचा लेथ. मला पिन धरायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि संध्याकाळच्या शिफ्टच्या मासुओला तर लेथवर उभं राहण्यापासून.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी जरासा, मग चांगलाच. हे चौदाच्या चौदा माणसांना ठाऊक होतं आणि एकानेही कधी तोंडातून काढलं नव्हतं. दहाच्या चहाला किटली माझ्या हातात असायची. मी सगळ्यांचे पेले काठोकाठ भरायचे आणि मिस्त्रींचा अर्धाच, म्हणजे सांडायला नको आणि कुणी बघायला नको. ते अर्धा पेला पिऊन "वा" म्हणायचे. दोन वर्षं हे असंच चाललं होतं, आणि मला वाटायचं, आपण किती समजूतदार!

त्याच आठवड्यात मोठ्या कंपनीने कुसाका साहेबांना पाठवलं. साहेब म्हणजे मोटारीतून येणार, टाय लावून आमच्यावर खेकसणार, अशी माझी कल्पना. आला तो एक बुटका माणूस, सायकलवरून, पँटच्या पायाला कपड्यांचा चिमटा लावून. हातात फडक्यात बांधलेला डबा आणि चौकटी आखलेल्या कागदांची गुंडाळी. पहिली अख्खी सकाळ तो नुसता उभा. हाताची घडी घालून, लेथकडे बघत.

"पगार उभं राहण्याचाच मिळतो वाटतं," मी त्या दिवशी लवकर आलेल्या मासुओला म्हटलं, आणि चांगलं मोठ्याने म्हटलं.

"बसण्याचाही मिळतो, बाई," कुसाका साहेब मागे न बघता म्हणाले. "पण बसलं की झोप येते."

मासुओ फिसकन हसला. मला राग आला.

दुपारी साहेबांनी शेडच्या टोकाला लावलेल्या पडद्याकडे बोट दाखवलं. "त्या मागे कोण असतं?"

"कोणी नाही," मालक म्हणाले. खोटं नाही हो, सवयीने. तेवढ्यात पडद्यामागून आमची तामे सटासट तीन वेळा शिंकली.

साहेबांनी पडदा सारला. आत ओशिमाबाई आणि तामे, दोघी खोक्यांवर बसून जाड उतरलेल्या पिना पॉलिश पेपरने घासत होत्या. नाकातोंडावर लोखंडाची काळी पूड.

"दिवसाला किती घासता?" साहेबांनी विचारलं.

"सहाशेच्या आसपास होतात," तामे कौतुकाने म्हणाली. "परवा तर सातशे केल्या!"

मालकांचे डोळे पांढरे झाले. त्यांना वाटत होतं पन्नास-साठ असतील. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ओशिमाबाईंनी नाही सांगितलं, कारण मिस्त्रींची शोभा होईल. मी नाही सांगितलं, कारण मालकांना घोर लागेल. आणि मालकांनी विचारलं नाही, कारण विचारलं तर आम्हाला वाईट वाटेल. आमच्या मिकावा भागात माणसं अशीच. एकाने सांडलेलं दुसरा गुपचूप पुसतो आणि फडकं लपवून ठेवतो.

"म्हणजे तुमच्याकडे चौदा माणसं नाहीत," साहेब म्हणाले. "बारा आहेत. दोन माणसं बाकीच्यांच्या चुका पुसायला ठेवली आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक चौकटींचा कागद माझ्या टेबलावर चिकटवला. मधोमध एक आडवी रेघ, ती म्हणजे बरोबर माप. दोन नंबरवरून जी पिन उतरेल ती क्रमाने मोजायची. जाड असेल तर रेघेच्या वर ठिपका, बारीक असेल तर खाली. कितीने जाड, कितीने बारीक, तेवढ्या चौकटी सोडून.

"सगळ्या?" मी विचारलं. "मी दर दहावी बघते. माझी बोटं..."

"बोटं उत्तम आहेत असं ऐकलंय," साहेब म्हणाले. "पण बोटांना कालचं आठवत नाही. कागदाला आठवतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं ज्या बोटांवर मी उभी, त्यांना हा माणूस विसरभोळी म्हणतो! पण मालक समोर होते. मी मुकाट्याने ठिपके काढायला बसले, आणि काम मात्र नेहमीच्या रीतीनेच चाललं. ती रीत अशी की पिन जाड लागली की मी पेन्सिल टेबलावर एकदा टक करायचे. मिस्त्री लगेच लोखंड कापणारं टूल पुढे-मागे करायचं चक्र, त्यावर कोरलेल्या खुणांतली एक रेघ, आत घ्यायचे. बारीक लागली की टक टक, ते एक रेघ बाहेर. तोंडाने शब्द नाही. वीस वर्षांची जोडी होती आमची, पाहुणे बघत राहायचे.

संध्याकाळी मी घरी गेल्यावर मासुओ स्वतःच मोजून ठिपके काढायचा. दोन दिवसांचा कागद भिंतीवर लागला तेव्हा मी बघितला आणि मला शरम वाटली. कागद कसला, पावसाळी खाचरातली बेडकं! एक वर, एक खाली, चार वर, एकदम तळाला. आणि दोन्ही दिवशी पाच वाजल्यानंतर ठिपक्यांनी अशी उडी मारली होती की ते कागदाबाहेरच गेले असते.

"पाच वाजता काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. शिफ्ट बदलते," मी म्हटलं. "मिस्त्री मशीन पुसतात, मासुओ नमस्कार करतो, मिस्त्री जातात. रोजचंच."

त्या संध्याकाळी पाचला मशीन थांबताच साहेबांनी पातळ कागदाची एक पट्टी घेतली आणि लेथच्या चक्रापासून अंगापर्यंत डिंकाने चिकटवली. चक्र हललं तर पट्टी फाटणार. पाच वाजून दोन मिनिटांनी मिस्त्री मशीन पुसून निघाले. पट्टी फाटलेली. साहेबांनी दुसरी चिकटवली आणि डबा घ्यायच्या निमित्ताने बाहेर गेले. परत आले तर तीही फाटलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मासुओला लवकर बोलावून घेतलं. मिस्त्री, मासुओ आणि मी, तिघं माझ्या टेबलापाशी. मध्ये त्या दोन फाटक्या पट्ट्या.

मिस्त्रींचे कान लाल झाले. "मी घेतो, दोन रेघा मागे," ते हळूच म्हणाले. "जाताना. मासुओला आपल्या हाताने नीट लावून घेता यावं म्हणून. माझं लावलेलं... हल्ली काही सांगता येत नाही ना."

मासुओ तोंड वासून त्यांच्याकडे बघत राहिला. "वस्ताद, तुम्ही मागे घेता? मला काय माहीत! मला वाटलं तुमचं लावलेलंच चुकलंय. म्हणून मी तीन रेघा पुढे घेतो."

"माझ्यादेखत कधी घेतलं नाहीस."

"तुमच्यादेखत कसं घेणार, वस्ताद! तुम्ही मागच्या खोलीत गेलात की घेतो. आणि शिफ्ट संपली की परत तीन मागे घेऊन ठेवतो, म्हणजे सकाळी तुम्हाला कळायला नको."

"रोज?" साहेबांनी विचारलं.

"रोज," मासुओ म्हणाला. "झाली की दोन वर्षं."

मला आधी हसू फुटलं. दोन शहाणीसुरती माणसं, एकमेकांचा मान राखायला दोन वर्षं चोरून चक्र फिरवतायत! मी पोट धरून हसले. मिस्त्रीही जरासे हसले. मासुओला घाम फुटला होता.

"आणि तुमची पेन्सिल, बाई?" कुसाका साहेब म्हणाले.

माझं हसू तिथेच थांबलं. "पेन्सिलीचं काय?"

"काल तुम्ही किती वेळा टकटक केलीत?"

"मोजायला मला वेळ असतो होय?"

"मी मोजली. एकशे बारा वेळा."

"मग! एकशे बारा चुका पकडल्या!"

"पकडल्या की केल्या?"

मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. मालक आतून धावत आले एवढं सांगते. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "बाई, तुमचा प्रत्येक श्वास सारखा असतो का? एक लांब येतो, एक आखूड. आता एक लांब आला म्हणून पुढचा कुणी दाबून आखूड केला, तो आखूड झाला म्हणून त्याच्या पुढचा ओढून लांब केला, असं दिवसभर केलं तर?"

"गुदमरून मरेन."

"तुमचा लेथ गुदमरतोय," ते म्हणाले. "त्याला एक दिवस श्वास घेऊ द्या. सकाळी चक्र एकदा लावायचं, आणि मग कुणीही हात लावायचा नाही. तुम्ही मोजा, ठिपके काढा, पण पेन्सिल वाजवायची नाही."

"आणि सगळ्या पिना वाया गेल्या तर?" मालकांनी विचारलं. त्यांचा आवाज बसला होता. महिन्याचे बारा दिवस उरले होते.

"तर तो दोष माझा," साहेब म्हणाले. "तसं लिहून द्यायलाही मी तयार आहे."

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. संध्याकाळच्या शिफ्टची माणसंही, मासुओसकट, बघायला सकाळीच आली होती. सकाळी मिस्त्रींनी चक्र लावलं, थरथरत, तीनदा पुढे-मागे करत, आणि हात मागे बांधून उभे राहिले. पहिली पिन आली. जाड. माझा हात पेन्सिलीकडे गेला तसा मी तो मांडीखाली दाबला. दुसरी जाड. तिसरी बारीक. चौथी जाड. देवा रे! मला दातदुखीसारखं व्हायला लागलं. समोर मिस्त्री माझ्या टेबलाकडे कान लावून उभे. टक ऐकू आली नाही की त्यांचा खांदा आपोआप हलायचा, मग थांबायचा. दोघांनाही काही करायचं नव्हतं आणि दोघंही घामाने भिजलो होतो. मी तर एका क्षणी मुद्दाम पेन्सिल पाडणार होते. साहेबांनी ती आधीच उचलून आपल्या कानाला खोचली आणि मला ठिपके काढायला शाईचा कुंचला दिला. कुंचला वाजत नाही.

पन्नास पिना झाल्या. शंभर झाल्या. मी नुसता एकेक ठिपका काढत होते, सबंध कागदाकडे रागाने बघतच नव्हते. दहाचा चहा झाला, अकरा वाजले. ओशिमाबाई पडद्यामागून आल्या आणि माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या.

"किनुएबाई," त्या म्हणाल्या, "आज घासायला पिना नाहीत का हो?"

तेव्हा मी कागद बघितला.

कसं सांगू तुम्हाला. बेडकं नव्हती. ठिपके जवळजवळ, एकामागे एक, तारेवर चिमण्या बसाव्यात तसे. कुणी बोटभर वर, कुणी बोटभर खाली, पण सगळे एका अरुंद पट्ट्यात. त्या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर कंपनीला चालणाऱ्या मापाच्या हद्दीच्या लाल रेघा, आणि त्यांच्या वाटेला एकही ठिपका गेला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. वीस वर्षं ज्या मशीनशी मी टकटक करून बोलत होते, त्याला स्वतःला बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मी गप्प बसले तेव्हा ते बोललं. लोखंडाचा तुकडा हो तो, आणि किती शांतपणे, किती सरळ बोलत होता!

आम्ही सगळे त्या कागदाभोवती जमलो. मालकांनी डोक्यावरची टोपी काढली, देवळात काढतात तशी. तामे तेवढी म्हणाली, "आता आम्ही बसायचं कुठे?"

मिस्त्री सगळ्यांत मागे उभे होते. त्यांनी मान वाकवून जवळून बघितलं आणि थरथरत्या बोटाने ठिपक्यांवरून हवेतच एक रेघ ओढली. "वर चढतंय," ते म्हणाले. "जरा जरा. टूल झिजतंय ना, म्हणून पिन जाड होत चाललीय. दोनशे पिनांना एक रेघ."

कुसाका साहेबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मला साहेबांचा राग करायचं एकही कारण उरलं नाही. "मला हे कळायला दुपार झाली असती," ते म्हणाले. "म्हणजे दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी, एकच रेघ आत. तेवढंच. बारा वाजताची आता घ्या, मिस्त्री."

आणि इथे सगळं फिसकटलं. मिस्त्रींनी चक्राला हात लावला. सगळे बघतायत. हात जो थरथरला, तो एक रेघ जायच्या ठिकाणी चार गेल्या. त्यांनी मागे घेतलं, दोन मागे. पुढे, पाच. मघाशी चिमण्यांकडे बघणारी सगळी माणसं एकदम जमिनीकडे बघायला लागली. एकशे बारा वेळा मी ह्या माणसाला हेच करायला लावत होते, रोज, आणि वर जोडी म्हणून मिरवत होते.

"मी घेतो, वस्ताद, तुम्ही राहू द्या," मासुओ पुढे झाला.

"हो, मासुओच घेईल," मालक घाईने म्हणाले. "मिस्त्री, तुम्ही इतकी वर्षं केलंत. आता जरा आराम..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आमच्याकडे असली वाक्यं पुरी करायची नसतात. ऐकणाऱ्याने ती मनात पुरी करायची आणि आपणहून निघून जायचं.

मिस्त्रींनी चक्रावरचा हात काढला. नेहमीप्रमाणे पाठीमागे नेला, आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, परत पुढे आणला. सगळ्यांसमोर धरला, तसाच, हलता.

"माझा हात थरथरतो," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली."

एवढंच. चाळीस वर्षं लेथवर राहिलेल्या माणसाने ते वाक्य म्हणायला किती बळ लावलं असेल हे मला विचारू नका. मी बघितलंय. मी त्या दिवशी दोन नवलं बघितली, आणि हे दुसरं पहिल्याहून मोठं होतं.

मालक पुटपुटले, "छे छे, मिस्त्री, असं काही..."

"थरथरतो," कुसाका साहेब मध्येच म्हणाले. अगदी साधेपणाने, हवा कशी आहे ते सांगावं तसं. "दिसतोय. हात काही आपल्याला सरळ करता येणार नाही. चक्राचं काय करता येईल, मिस्त्री?"

मिस्त्री खाली वाकून चक्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन दिवस द्या."

दोन दिवस ते मागच्या खोलीच्या दारात बसले. एक लोखंडी कडं घेऊन त्याच्या कडेला कानशीने खाचा पाडत. चक्रावर जितक्या रेघा, तितक्या खाचा. हात हलायचा, म्हणून कानस त्यांनी शिकंज्यात आवळली आणि कडंच कानशीवर सरकवलं. मासुओ कडं धरायचा, मिस्त्री ओरडायचे, "अरे गाढवा, सरळ धर! पेला धरतोयस का?" दोन वर्षांत ते मासुओवर ओरडले नव्हते. मासुओचा चेहरा असा फुलला होता, जणू शाबासकीच मिळतेय.

तिसऱ्या दिवशी कडं चक्रावर बसलं. वरून पोलादाची एक पातळ पट्टी अशी लावली, की चक्र एक रेघ फिरलं की ती खाचेत पडायची, टक, आणि चक्र तिथेच अडायचं. अडल्यावर हात वाटेल तेवढा हलवा, चक्र हलत नव्हतं. पट्टी बोटाने उचलली तरच पुढची रेघ.

बारा वाजता मिस्त्रींनी हात लावला. हात थरथरत होता. टक. एक रेघ. हात थरथरत राहिला आणि चक्र जागच्या जागी, ठाम.

"परत करून दाखवा," मालक म्हणाले.

"कशाला परत?" मिस्त्री म्हणाले. "दिवसातून तीनदाच करायचं ठरलंय ना?"

मालक हसले. मग मासुओकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाले, "दोन नंबरवर मिस्त्रीच राहतील." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

महिना संपेपर्यंत अकरा पेट्या नदीपलीकडे गेल्या. एकही परत आली नाही. पडदा काढून टाकला. ओशिमाबाई आणि तामे तीन नंबरवर ठिपके काढायला बसल्या, आणि तामे माझ्याहून सुबक ठिपके काढायची हे मला आजही आवडत नाही. कुसाका साहेब शेवटच्या दिवशी पँटला चिमटा लावून सायकलवर बसले, कानाला खोचलेली माझी पेन्सिल काढून मला परत दिली आणि निघून गेले. मी त्यांना आभाराचं काही बोलले नाही. वाकून नमस्कार मात्र केला, सायकल बांधाच्या वळणाआड जाईपर्यंत वाकलेलीच राहिले.

त्या दिवशीचा दहाचा चहा अजून व्हायचा होता. मी किटली घेऊन निघाले. मालक, काठोकाठ. ओशिमाबाई, काठोकाठ. तामे, काठोकाठ. मिस्त्री, अर्धा. हात सवयीने थांबला आणि मी पुढे सरकले.

"किनुए," मागून मिस्त्री म्हणाले.

मी वळले. त्यांनी तो अर्धा पेला माझ्यापुढे धरला होता. आतला चहा हिंदकळत होता.

"माप कमी भरलंय," ते म्हणाले.

माझा चेहरा तापला. सगळे बघत होते. मी किटलीची तोटी पेल्यावर धरली. मी ओतत गेले, अर्ध्याच्या वर, रेघेच्या वर, काठाला लागेपर्यंत. मिस्त्रींनी पेला उचलला. तो थेट तोंडापर्यंत गेला नाही. चहा सांडला, त्यांच्या बोटांवर, पँटवर, माझ्या चपलेवर. खूप सांडला. कुणी फडकं घेऊन धावलं नाही. कुणी खाली बघितलं नाही. आम्ही सगळे त्यांच्याकडेच बघत होतो, आणि ते उरलेला चहा सावकाश पीत होते, शेवटच्या घोटापर्यंत.

"अजून गरम आहे की," ते म्हणाले. "अर्धा असला की पटकन निवतो. दोन वर्षं गार चहा पाजलास तू मला."

मी हसले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, रडले. मग त्यांनी पेला परत पुढे केला, आणि मी तो पुन्हा काठोकाठ भरला.